गाडी गॅरेजला आहे, थांबा जरा!

मंडळी, आज भांडणाचा मूड आहे. ज्यांना शांततेत चहा प्यायचाय त्यांनी ही पोस्ट उद्या वाचली तरी चालेल. :)

भांडण कोणाशी? तर "वाट बघणं म्हणजे निव्वळ वेळ फुकट घालवणं" असं ठाम मत असलेल्या तमाम जनतेशी. त्यात माझा सख्खा भाचा आहे, दोन-तीन ब्लॉगर मित्र आहेत आणि आमच्या घरातली काही वडीलधारी माणसंही आहेत. निमित्त एका कॉम्प्युटर गेमचं आहे. "आता गेमवर काय लिहायचं!" म्हणून नाक मुरडणाऱ्या काका-आत्यांना विनंती, की एवढ्यात पान बंद करू नका. पुढे चेतक स्कूटर येणार आहे, मिग येणार आहे आणि तुमचा नेहमीचा गॅरेजवालाही येणार आहे.

आधी गेमबद्दल. नाव 'माय समर कार'. फिनलंडच्या योहानेस रोयोला ह्या गृहस्थाने बनवलेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला आणि "झाला बुवा पूर्ण" असं जाहीर व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. काळ १९९५ चा उन्हाळा. आईवडील सुट्टीला परदेशात, घरी एकटा पोरगा, आणि गॅरेजमध्ये सुटी करून ठेवलेली एक जुनी गाडी, सात्सुमा. (मूळ प्रेरणा जुन्या डॅटसनची.) ही गाडी एकेक बोल्ट आवळून जोडायची. कुठल्या बोल्टला कितीचा पाना लागतो ते कोणी सांगत नाही, तुम्हीच शोधायचं. मध्येच भूक लागते, तहान लागते, दमायला होतं. मेलात तर मूळ नियमाप्रमाणे सगळं पहिल्यापासून.

आता सगळंच काही घरी होत नाही. रंग, चेपलेला पत्रा, समोरची काच, चाकांचं अलाइनमेंट असल्या कामांसाठी फ्लीटारी नावाच्या गॅरेजवाल्याचं दार गाठावं लागतं. कुठली कामं करायची ते सांगायचं, गाडी त्याच्या ताब्यात द्यायची आणि निघायचं. (घरी परत कसं जायचं हा प्रश्न त्याचा नाही, आपला!) आणि मग वाट बघायची. काम झालं की घरच्या फोनवर निरोप येतो, तोही फोनचं बिल वेळेवर भरलेलं असेल तर. तोवर लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसा, जळाऊ लाकडं पोचवा, स्ट्रॉबेऱ्या खुडा, काय वाटेल ते करा. झोपून वेळ काढावा म्हटलं तर दमल्याशिवाय झोपही घेता येत नाही.

भाच्याला हे अजिबात मान्य नाही. त्याचं म्हणणं असं, "मावशी, खऱ्या आयुष्यात गॅरेजवाले रडवतात तेवढं पुरे नाही का? गेममध्ये तरी बटण दाबलं की गाडी तयार पाहिजे." आणि त्याने तसं केलंही. सेव्ह फाइलमध्ये हात घातला, गाडी तयार. त्यानंतर दोन दिवसांत त्याने गेम खेळणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणे "बोअर झालं."

तर मुद्दा असा की "वाट" ह्या एकाच शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि मग तिन्हींना सारख्याच शिव्या घालतो. माझं भांडण नेमकं इथे आहे.

पहिली वाट टंचाईची. ही आपल्या आईवडिलांच्या पिढीने भरपूर बघितली. १९७२ साली बजाजची चेतक आली. स्कूटर हव्या असलेल्यांची रांग एवढी लांब आणि कारखान्याने किती गाड्या काढायच्या त्यावर सरकारी परवान्याचं कुलूप. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. पोराच्या बारशाला नंबर लावला आणि स्कूटर त्याच्या शाळेच्या बॅगेसकट फिरवायला मिळाली, असले किस्से प्रत्येक घरात आहेत. ज्याला घाई होती तो वरचे पैसे मोजून 'ऑन'ने घ्यायचा. ही वाट चांगली होती असं मी कदापि म्हणणार नाही. त्या काळात कोणी स्कूटरवर अधिक मेहनत घेत होतं म्हणून उशीर होत नव्हता. कागद अडला होता म्हणून होत होता. "आमच्या वेळी आम्ही दहा वर्षं थांबलो, तुम्हाला दहा मिनिटं थांबवत नाही" असं जे काका लोक ऐकवतात त्यांना माझा साष्टांग नमस्कार. काका, तुम्हाला थांबायला लागलं ह्यात तुमचा पराक्रम काही नव्हता हो. तुमच्यावर अन्याय झाला होता.

दुसरी वाट विक्रीची. ही आपल्या पिढीची देणगी. २०१३ च्या फेब्रुवारीत 'रियल रेसिंग ३' नावाचा मोबाइल गेम आला. फुकट! दिसायला इतका देखणा की बघत राहावं. शर्यती खेळा, गाडीची झीज होणार, ऑइल बदलायचं, ब्रेक बघायचे, टायर बघायचे. आणि सर्व्हिसिंगला टाकलं की खऱ्या घड्याळातला वेळ थांबायचं. थांबायचं नसेल तर गेममधली सोन्याची नाणी द्या, गाडी तत्काळ हजर. नाणी संपली? मग खऱ्या पैशांनी विकत घ्या! त्यावेळी ह्यावरून जगभर बोंबाबोंब झाली ती उगीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आला होता, त्यातही हीच तऱ्हा. इमारत बांधायला तास, बुरूज वाढवायला दिवस, आणि हिरवे खडे दिले की तत्क्षणी काम फत्ते. पुढे २०१४ मध्ये 'डंजन कीपर' ह्या गेमच्या "फुकट" म्हणून केलेल्या जाहिरातीवर ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने आक्षेप घेतला. तक्रारीचं कारण हेच, की पैसे टाकल्याशिवाय वाट संपत नाही आणि हे जाहिरातीत नीट सांगितलेलं नाही.

ह्या दुसऱ्या वाटेत गाडीवर कोणी काम करत नसतं. तिथे कोणी मिस्त्री नाही, घड्याळ आहे फक्त. तो उशीर मुद्दाम तयार केलेला माल असतो आणि तो उशीर *काढून टाकणं* हे त्यांचं दुकान. चेतकच्या 'ऑन'मध्ये आणि ह्या सोन्याच्या नाण्यांत मला तर काडीचा फरक दिसत नाही. उलट परवाना राज बरं म्हणायची वेळ, त्यात निदान टंचाई खरी होती!

आता तिसरी वाट, कामाची. फ्लीटारीकडची वाट ह्या जातीची आहे. तिथे ती विकत घेता येत नाही. सोन्याचं नाणं नाही, हिरवा खडा नाही. तुमच्या गाडीला रंग लागायचाय, पत्रा सरळ व्हायचाय, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागेल, विषय संपला. गंमत बघा, सुपरसेल फिनलंडची आणि सात्सुमाही फिनलंडचीच. एकाच देशातून एकाने वाट विकायला काढली आणि दुसऱ्याने ती विकायला साफ नकार दिला. आणि माझा भाचा दोघांनाही एकाच रागाने "थांबायला लावतात" म्हणतो!

"पण गेममध्ये तरी कोण काम करतंय? तिथेही घड्याळच आहे की!" हा आक्षेप मला आलाच, तोही एका जुन्या ब्लॉगर मित्राकडून. बरोबर आहे, पडद्यामागे फ्लीटारी हातोडी घेऊन बसलेला नाही. पण तो वेळ खेळणाऱ्याकडून काय करून घेतो ते बघा. गाडी नाही म्हटल्यावर तुम्ही आधीच ठरवायला लागता. काच आणि रंग एकाच खेपेत करून घेऊ, म्हणजे दोनदा हेलपाटा नको. जाताना काकाची व्हॅन बरोबर ठेवू, म्हणजे परत यायला होईल. गाडी नाही तेवढ्यात दोन टाक्या उपसून पैसे उभे करू. गाडी दुरुस्तीला गेली की सबंध घराचं वेळापत्रक हलतं, हे ज्याच्या घरात एकच स्कूटर आहे त्याला वेगळं सांगायला नको. पोरांना शाळेत कोण सोडणार, दळण कोण आणणार, सगळी उस्तवार नव्याने. ही उस्तवार हाच तो खेळ आहे. बटण दाबून ती काढली की उरते फक्त गाडी, आणि नुसत्या गाडीचं दोन दिवसांत "बोअर झालं" होतं.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. एका मैत्रिणीने लिहिलं, की दोन मुलं झोपल्यावर तिला रात्री जेमतेम तासभर मिळतो, त्यात ती फिनलंडच्या गॅरेजवाल्याची वाट बघणार नाही. बाई, अजिबात बघू नकोस! तुझ्यासाठी 'कार मेकॅनिक सिम्युलेटर' आहे. त्यात ऑर्डर केली की पार्ट लगेच हातात, गाडी उघडा, बदला, पैसे घ्या, पुढची गाडी. छान गेम आहे, तासाभरात दोन गाड्या हातावेगळ्या होतात. पण जगातल्या प्रत्येक गेमने तसंच व्हावं हा आग्रह नको. आमटी लवकर होते म्हणून पुरणपोळी बंद करा असं कोणी म्हणतं का?

एवढं तावातावाने मी का लिहितेय? कारण मी ओझरची आहे. (अष्टविनायकातलं ओझर नव्हे हो, ते जुन्नरचं. आमचं मिगवालं, नाशिकजवळचं.) आमच्या गावाला अर्धं जग "ओझर मिग" म्हणूनच ओळखतं. १९६४ साली इथे एचएएलचा विभाग सुरू झाला. इथे मिग-२१ बनली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. आणि जेवढी बनली तेवढीच ती पुन्हा पुन्हा परत येत राहिली, उघडली गेली, तपासली गेली, पुन्हा जोडली गेली. शेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. तिथून एप्रिल २०१८ मध्ये पहिली संपूर्ण ओव्हरहॉल केलेली सुखोई पुन्हा स्क्वाड्रनच्या हवाली झाली. थोडक्यात, आमच्या गावाची भाकरी दुरुस्तीवर भाजली जाते. बाबा इथेच नोकरीला होते, त्यामुळे "ओव्हरहॉल" हा शब्द मी "ओसरी"च्या आधी शिकले असेन.

बाबांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा सगळा मुद्दा ध्यानात येईल. धातूच्या भागाला केसाएवढा तडा गेलाय का हे डोळ्यांनी दिसत नाही. मग काय करतात? भाग स्वच्छ धुवून त्यावर एक रंगीत द्रव लावतात आणि थांबतात. तो द्रव हळूहळू आपोआप तड्यात शिरतो. मग वरचा पुसून घेतात, त्यावर दुसरं एक पांढरं लावतात आणि पुन्हा थांबतात. तड्यात शिरलेला रंग आता बाहेर ओढला जातो आणि रेघ उमटते. मधल्या थांबण्यात माणूस काहीच करत नाही. पण ते थांबणं हेच काम असतं. घाईने पुसलंत तर रेघ उमटत नाही. याचा अर्थ तडा नाही असा नव्हे, तो फक्त तुम्हाला दिसला नाही. आणि तो भाग उद्या कोणाला तरी घेऊन आकाशात जाणार असतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगढला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून हिशेब केला तर बासष्ट वर्षं. त्या विमानाच्या अपघातांवर पुष्कळ बोललं गेलं आणि बोललं जायलाच हवं. पण एवढी वर्षं ते उडत राहिलं त्यामागे कुठे कुठे कोणीतरी थांबलेलं आहे, हेही कोणीतरी लिहायला नको का?

इथे एक खुलासा. "म्हणजे एचएएलच्या सगळ्या उशिरांचं तू समर्थन करतेस" असं कोणी म्हणेल, तर मुळीच नाही. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिलं विमान २०२४ मध्ये मिळायचं होतं. त्याचं अमेरिकेतून येणारं इंजिनच मार्च २०२५ ला यायला सुरुवात झाली. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला जोडलेलं पहिलं मार्क-१ए उडालं तेव्हा आख्ख्या गावाची मान उंचावली, माझीसुद्धा. पण पार्ट न आल्यामुळे रिकामं थांबणं ही पहिल्या जातीची वाट, टंचाईची. तिच्यावर टीका करा, जोरात करा. फक्त ती टीका करताना तडा शोधणाऱ्याला "लवकर पूस" म्हणू नका.

आता विमानावरून पुन्हा जमिनीवर येऊ, आग्रा रोडला. हायवेच्या कडेला आमच्याकडे लहानमोठी गॅरेजं आहेत. तिथे हल्ली काय ऐकू येतं? "आज संध्याकाळी मिळेल ना?" "एवढ्याशा कामाला दोन दिवस?" "ऑनलाइन मागवलेलं उद्या घरी येतं, तुम्हाला काय होतंय?" अहो, उद्या येते ती वस्तू! ती आधीच तयार होऊन गोदामात पडलेली असते. दुरुस्ती गोदामात पडलेली नसते, ती तुमच्या गाडीवर, तिथल्या तिथे घडावी लागते. पत्रा ठोकून झाला की लांबी भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, प्रायमर, पुन्हा वाळू द्यायचं, मग रंग. इंजिनचं हेड उतरवलं तर ते लेथवाल्याकडे जाणार, तिथे त्याच्या आधी चार नग पडलेले असणार. ह्यातला कुठलाही टप्पा गिऱ्हाइकाच्या आरडाओरड्याने लवकर वाळत नाही.

पण आरडाओरडा केल्यावर एक गोष्ट मात्र होते. मिस्त्री लांबी ओलसर असतानाच घासतो. संध्याकाळी गाडी चकाचक मिळते, आपण विजयी मुद्रेने घरी. आणि पावसाळा आला की त्याच जागी फुगा धरतो, पापुद्रा सुटतो. मग आपण म्हणतो, "हे गॅरेजवाले सगळे चोर." काही असतातही. मलाही एकाने आठवडाभर "उद्या या, उद्या या" करून गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. त्याचं समर्थन नाहीच. काम न करता थांबवणं ही शुद्ध फसवणूक. पण त्या फसव्याला आणि लांबी वाळायची वाट बघणाऱ्याला आपण एकाच पट्टीने मोजायला लागलो तर तोटा कोणाचा? दुसरा बिचारा पहिल्यासारखं वागायला शिकेल. कारण खरं बोलून शिव्या आणि खोटं बोलूनही शिव्याच खायच्या असतील, तर खोटं बोलणं सोपं.

"आणि ज्याला थांबणं परवडतच नाही त्याने काय करायचं?" हा प्रश्न आमच्या द्राक्षवाल्या नातेवाइकांचा, आणि तो अगदी रास्त आहे. फवारणीच्या दिवसात ट्रॅक्टर बंद पडला आणि वर ढग आले, तर दोन दिवस म्हणजे बाग गेली. अशा वेळी मी बघितलेला जाणता फिटर काय करतो? रात्री बॅटरी घेऊन बांधावर येतो, कसंबसं चालू करून देतो आणि बजावतो, "हंगाम काढा एवढ्यावर. छाटणीच्या आधी आणा, नीट उघडू." आजची वाट त्याने पुढे ढकलली. रद्द नाही केली. कुठली वाट पुढे ढकलता येते आणि कुठली नाही, हे कळणं म्हणजे कारागिरी. ते गिऱ्हाइकाच्या घड्याळाला किंवा बटणाला कळत नाही.

म्हणून मला त्या फिनिश गेममधली वाट मोलाची वाटते. वर्षानुवर्षं मोबाइलवरच्या खेळांनी आपल्या पोरांना शिकवलंय की थांबणं हा दंड आहे आणि पैसे टाकले की दंड माफ. ही पोरं उद्या गॅरेजमध्ये, दवाखान्यात, शिंप्याकडे जाणार आहेत, आणि समोरच्या माणसाला वेळ लागतोय म्हणजे तो एकतर आळशी किंवा लबाड असंच समजणार आहेत. त्यातली काही स्वतः हातात पाना धरणार आहेत, तेव्हा त्यांच्यावरही कोणीतरी असंच ओरडणार आहे. आणि इथे एक गेम निघाला, जो साधी गोष्ट सांगतो: गाडी गॅरेजला आहे, तिथे काम चाललंय, तू तोवर तुझं काम कर. त्यालाच आपण "यातला वाट बघण्याचा भाग तेवढा काढा" म्हणून सांगतोय!

भाचेबुवा, वाचतोयस ना? तुझ्या कॉम्प्युटरमधली ती सेव्ह फाइल तुझी आहे, तू काय वाटेल ते कर. पण सोन्याची नाणी मागणाऱ्या गेमला शिव्या घाल, मीही तुझ्या बरोबरीने घालीन. फ्लीटारीला नको.

आणि बाकीच्या मंडळींना एकच सुचवते. पुढच्या वेळी गाडी टाकायला जाल तेव्हा "आज मिळेल का?" हे विचारू नका. "नीट करायला किती दिवस लागतील?" असं विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. उत्तर पटलं नाही तर खुशाल दुसरीकडे जा. पटलं, तर तेवढे दिवस रिक्षाने फिरा. दळण मी आणून देईन, हवं तर. :)